रॉचडेलची पायरी

सहकाराची पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना रॉचडेल हे नाव ओळखीचं असतं. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या या गिरणगावात १८४४च्या डिसेंबरात २८ जणांनी, ज्यांत कितीतरी विणकर होते, २८ पौंडांचं भांडवल जमवलं आणि टोड लेनवर लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्यांचं दुकान थाटलं. होईल तो नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत द्यायचा, असा त्यांचा नियम. तो पुढे फिरत फिरत आपल्याकडच्या सोसायट्यांच्या पोटनियमांत येऊन बसला.

मला रॉचडेल आठवतं ते तिथल्या फुटबॉल क्लबमुळे. २००४ ते २००९ या पाच वर्षांत या क्लबच्या आघाडीला चार स्ट्रायकर खेळून गेले : ग्रँट होल्ट, रिकी लँबर्ट, ग्लेन मरे आणि अ‍ॅडम ले फोंड्रे. रॉचडेल तेव्हा चौथ्या पायरीवर होतं, म्हणजे इंग्लंडच्या व्यावसायिक लीगच्या अगदी तळाच्या गटात. तीन-साडेतीन हजार प्रेक्षक आले तरी गर्दी झाली म्हणायची, अशी परिस्थिती. आणि या चौघांनीही पुढे प्रीमियर लीगमध्ये, जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगमध्ये, एकेका हंगामात १२ किंवा त्याहून जास्त गोल केले. होल्टनं नॉर्विचसाठी १५, लँबर्टनं साउदॅम्प्टनसाठी १५, ले फोंड्रेनं रेडिंगसाठी १२, मरेनं ब्रायटनसाठी १३. चौघांना विकून रॉचडेलला किती मिळाले? त्या त्या वेळी छापून आलेल्या रकमा जोडल्या तर दहा लाख पौंडसुद्धा भरत नाहीत.

प्रीमियर लीगच्या कमाईतला ठरावीक वाटा खालच्या लीगना मिळाला पाहिजे, आणि तो मेहेरबानी म्हणून न देता कायद्यानं बांधून दिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते कसं बनलं हे सांगायचं तर लँबर्टची कारकीर्द जरा सावकाश पाहावी लागेल.

रिकी लँबर्ट हा लिव्हरपूलला खेटून असलेल्या कर्कबीचा. दहाव्या वर्षी लिव्हरपूल क्लबच्या अकादमीत गेला आणि पंधराव्या वर्षी बाहेर पडला. मग ब्लॅकपूलला गेला; तिथूनही नारळ मिळाला. त्यानंतरचे काही महिने तो मॅकल्सफील्ड टाउन या छोट्या क्लबमध्ये बिनपगारी सराव करायचा आणि पोटासाठी एका कारखान्यात बीटरूटच्या बरण्यांना झाकणं लावायचा. दिवसाला वीस पौंड मिळायचे. वय एकोणीसच्या आसपास. मॅकल्सफील्डनं त्याला अखेर करार दिला आणि २००२मध्ये तीन लाख पौंडांना स्टॉकपोर्ट काउंटीला विकलं. स्टॉकपोर्टमध्ये त्याचं बस्तान बसलं नाही. त्याला बऱ्याचदा मधल्या फळीत खेळवलं जाई, गोल कमीच होत. २००५च्या सुरुवातीला तो रॉचडेलला आला. पुढच्या पूर्ण हंगामात त्यानं लीगमध्ये २२ गोल केले, त्यातला पहिला अर्धा हंगाम होल्टच्या जोडीनं.

इथून त्याची चढण सुरू झाली, पण ती संथ होती. ब्रिस्टल रोव्हर्सनं त्याला दोन लाख पौंडांना घेतलं. तिथं तिसऱ्या वर्षी, २००८-०९मध्ये, त्यानं लीगमध्ये २९ गोल केले. मग साउदॅम्प्टननं सुमारे दहा लाख पौंड मोजले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि दुसऱ्या पायरीवरसुद्धा कधी खेळला नव्हता. नव्या प्रशिक्षकानं, अ‍ॅलन पार्ड्यूनं, त्याला आधी वजन उतरवायला लावलं. पहिल्या हंगामात लीगमध्ये ३० गोल झाले. २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षांत साउदॅम्प्टननं दोन पायऱ्या चढल्या. ऑगस्ट २०१२मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध लँबर्टनं प्रीमियर लीगमधला पहिला सामना खेळला आणि गोल केला. १४ ऑगस्ट २०१३ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, राखीव म्हणून. तीन मिनिटांच्या आत कॉर्नर आला आणि चेंडूला त्याचा पहिलाच स्पर्श झाला तो डोक्यानं : गोल. इंग्लंड ३-२नं जिंकलं. त्याचं वय होतं एकतीस. पुढच्या वर्षी तो विश्वचषकाच्या संघात होता, आणि ज्या लिव्हरपूलनं पंधराव्या वर्षी त्याला घरी पाठवलं होतं त्याच लिव्हरपूलनं त्याला चाळीस लाख पौंड देऊन परत बोलावलं.

याकडे परीकथा म्हणून पाहिलं की त्यातला विचार हरवतो. लँबर्ट कधीच वेगवान नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलांत वेग आणि चपळाई डोळ्यांत भरते, म्हणून अकादमीतले लोक तेच शोधतात. लँबर्टचे गुण वेगळे होते. पाठीवर बचावपटू असताना चेंडू पायाशी धरून ठेवणं, साथीदार येईपर्यंत दम काढणं, तीस यार्डांवरून अचूक पास देणं, पेनल्टीला डोकं थंड ठेवणं. साउदॅम्प्टनसाठी त्यानं ३४ पेनल्टी घेतल्या आणि चौतीसच्या चौतीस गोल झाले. हे पंधराव्या वर्षी कुणाला दिसलं असतं? हे गुण वर्षाला ४६ लीग सामने खेळून येतात. मंगळवारच्या रात्री, चिखलात, धिप्पाड बचावपटूंच्या कोपरांचा मार खात. अकादमीतून काढलेल्या मुलाला हे शिकायला जागा मिळाली, कारण इंग्लंडमध्ये पहिल्या लीगच्या खाली दुसरी होती, तिच्याखाली तिसरी, तिच्याखाली चौथी, आणि प्रत्येक ठिकाणी आठवड्याचा पगार देणारा, नऊ नंबरचा, म्हणजे गोल करणारा, माणूस हवा असणारा क्लब होता. न्यायालयांत खालच्या कोर्टाचा निकाल वरचं कोर्ट फिरवतं. इंग्लिश फुटबॉलमध्ये वरच्या कोर्टाचे निकाल खालची कोर्टं फिरवतात. ती सोय फार मोलाची आहे.

बाकीच्या तिघांच्या वाटाही अशाच आडवळणाच्या. होल्ट टायरच्या कारखान्यात काम करायचा आणि सिंगापूरपर्यंत जाऊन खेळून आला होता. मरे अमेरिकेतल्या विल्मिंग्टन नावाच्या लहान क्लबमधून फिरून आला होता. ब्रायटनसाठी प्रीमियर लीगमध्ये १३ गोल केले तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. ले फोंड्रे रॉचडेलहून रॉदरहॅमला आणि तिथून २०११मध्ये रेडिंगला गेला. जानेवारी २०१३मध्ये वेस्ट ब्रॉम, न्यूकॅसल आणि चेल्सी या तिघांविरुद्ध राखीव खेळाडू म्हणून उतरून त्यानं पाच गोल केले आणि प्रीमियर लीगचा त्या महिन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

आता लँबर्ट ज्या पायऱ्या चढून गेला त्यांचं काय झालं ते बघा. मॅकल्सफील्ड टाउन सप्टेंबर २०२०मध्ये कर्जापायी न्यायालयाच्या आदेशानं बंद झाला. त्याच मैदानावर नवा क्लब उभा करावा लागला. स्टॉकपोर्ट २०११मध्ये लीगच्या, म्हणजे वरच्या चार गटांच्या, बाहेर फेकला गेला, दोन वर्षांनी सहाव्या पायरीपर्यंत घसरला, आणि परतायला २०२२ उजाडलं. ब्रिस्टल रोव्हर्स २०१४मध्ये लीगबाहेर गेला आणि नशिबानं वर्षभरात परतला. रॉचडेल २०२३मध्ये, १०२ वर्षांनी, लीगमधून खाली गेला आणि नवा मालक मिळेपर्यंत क्लब राहतो की नाही अशी अवस्था झाली. आणि साउदॅम्प्टन? एप्रिल २००९मध्ये त्यांच्या मूळ कंपनीचं दिवाळं निघालं आणि शिक्षा म्हणून दहा गुण कापले गेले. जुलैत मार्कुस लीबहेर या उद्योगपतीनं क्लब विकत घेतला आणि ऑगस्टमध्ये लँबर्ट आला. लीबहेर दोन-तीन महिने उशिरा आले असते तर? एका माणसाच्या कारकिर्दीतल्या पाच पायऱ्या, आणि त्यांतली एकही धड नाही. मोडलेल्या जिन्यावरून पुढचा लँबर्ट कसा चढणार?

हे क्लब आपल्या कर्मानं बुडाले, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण आधी पैशाचा इतिहास पाहू. १९८३पर्यंत इंग्लिश लीगमध्ये यजमान क्लबला तिकिटांच्या गल्ल्यातला हिस्सा पाहुण्या क्लबला द्यावा लागे. दूरचित्रवाणीचे पैसे १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्या ९२ क्लबांत सारखे वाटले जात. बड्या क्लबांनी वेगळं निघण्याची धमकी देत देत आधी गल्ल्याची वाटणी संपवली, मग टीव्हीच्या पैशांतला निम्मा, पुढे तीन चतुर्थांश भाग पहिल्या गटाकडे ओढला. १९९२मध्ये ते सरळ वेगळे झाले आणि प्रीमियर लीग जन्माला आली. आज तिच्या देशांतर्गत प्रक्षेपणाचा चार वर्षांचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे. परदेशातून मिळणारे पैसे वेगळे, आणि त्यांत आपल्याकडच्या प्रेक्षकांचेही आले.

प्रीमियर लीग खाली काहीच देत नाही असं नाही. देते, आणि ती रक्कम इतर कुठल्याही देशातल्या वरच्या लीगपेक्षा मोठी आहे असं ती आवर्जून सांगते. पण त्यातला मोठा भाग जातो प्रीमियर लीगमधून नुकत्याच घसरलेल्या क्लबांना, ‘पॅराशूट’ या नावानं, तीन वर्षांपर्यंत. वरून पडणाऱ्याच्या अंगाखाली गादी घातली जाते आणि खालून चढणाऱ्याला कठडाही मिळत नाही. खालच्या तीन गटांच्या ७२ क्लबांची संघटना प्रक्षेपणाच्या एकत्रित कमाईतला २५ टक्के हिस्सा मागते आहे आणि पॅराशूट बंद करा म्हणते आहे. मार्च २०२४मध्ये प्रीमियर लीगचे क्लब आपापसांत काय द्यायचं यावरसुद्धा एकमत करू शकले नाहीत. देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट अशीच लोंबकळते.

मुलांच्या बाबतीत तर उलटा प्रवाह आहे. २०१२पासून लागू झालेल्या अकादमी योजनेत बड्या क्लबनं छोट्या क्लबचा मुलगा उचलला तर द्यायची भरपाई ठरवून टाकली : ९ ते ११ या वयातल्या प्रत्येक वर्षामागे ३,००० पौंड, त्यापुढच्या वर्षांना अकादमीच्या दर्जानुसार जास्त. खालच्या तीन गटांच्या क्लबांनी या योजनेला ४६ विरुद्ध २२ मतांनी मंजुरी दिली, कारण ती नाकारली तर मुलांच्या प्रशिक्षणासाठी मिळणारी मदत थांबण्याची टांगती तलवार होती. ब्रेंटफर्डनं २०१६मध्ये आपली अकादमीच बंद करून टाकली. मुलं घडवायची आपण आणि चांगली निघाली की किरकोळ रकमेत घेऊन जायची दुसऱ्यांनी, तर हा खर्च कोण करेल?

कपचंही तेच. फेब्रुवारी २०१८मध्ये एफए कपमध्ये, म्हणजे लहान-मोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, रॉचडेलनं आपल्या स्पॉटलंड मैदानावर प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमशी २-२ बरोबरी साधली. पहिला गोल इयान हेंडरसनचा, बरोबरीचा गोल स्टीव्ह डेव्हिसचा, भरपाईच्या वेळेत. त्यामुळे सामना वेम्बलीवर पुन्हा खेळावा लागला. बर्फ पडत होता, रॉचडेल ६-१नं हरलं. पण कपच्या सामन्यात गल्ला दोन्ही क्लबांत वाटला जातो. जुन्या काळची वाटणी उरली होती ती एवढीच. वेम्बलीची ती एक रात्र रॉचडेलसारख्या क्लबच्या ताळेबंदात कितीतरी लीग सामन्यांची भर घालते. २०२४-२५पासून पहिल्या फेरीपासूनच्या अशा फेरलढती रद्द झाल्या. बड्या क्लबांना युरोपातल्या वाढीव सामन्यांसाठी तारखा हव्या होत्या. खालच्या क्लबांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही, याचा मला अजून राग आहे.

इयान हेंडरसनचं नाव आलं आहे तर आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. मी आतापर्यंत वर गेलेल्या चौघांचीच उदाहरणं दिली. खालच्या लीगमधले बहुतेक स्ट्रायकर वर जात नाहीत. हेंडरसननं रॉचडेलसाठी शंभराहून जास्त गोल केले आणि तो लँबर्टसारखा इंग्लंडच्या संघात गेला नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ ते १९७३ या काळात, रेग जेंकिन्सनं रॉचडेलसाठी लीगमध्ये ११९ गोल केले. तो कितीतरी वर्षं क्लबचा विक्रम होता आणि त्या गावाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. यांच्या कारकिर्दी वाया गेल्या का? मला तसं वाटत नाही. शनिवारी तीन वाजता बापाबरोबर मैदानावर आलेल्या पोरासाठी जेंकिन्स हाच नऊ नंबर होता. सूतगिरण्या बंद पडलेल्या गावात आठवड्यातून एकदा अडीच हजार माणसं एका जागी जमतात आणि एकाच गोष्टीसाठी ओरडतात, याची किंमत खेळाडूंच्या विक्रीतून काढता येत नाही. खालच्या लीगना वाटा द्यायचा तो वरच्यांना कच्चा माल पुरवतात म्हणूनच, असं मी मानलं तर जेंकिन्सवर अन्याय होईल. वर कुणी गेलं नाही तरी तो वाटा त्यांचा आहे.

आता कर्माच्या मुद्द्याकडे येतो. २७ ऑगस्ट २०१९ला बरी हा क्लब लीगमधून काढून टाकला गेला. रॉचडेलपासून काही मैलांवरचा, १८८५मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब. आधीच्या मालकानं आवाक्याबाहेर खर्च केला, मग तो एक पौंडाला दुसऱ्याच्या हाती गेला आणि वर्षही धड झालं नाही. अशा हातांत २५ टक्के ओतून काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. मालकी हा विषय आपल्यालाही परका नाही. नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहानं ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. १९९५चा प्रीमियर लीग विजेता क्लब २०१२मध्ये प्रीमियर लीगमधून आणि २०१७मध्ये तिसऱ्या पायरीवर घसरला. २०१७-१८मध्ये तो रॉचडेलच्याच गटात खेळत होता. प्रेक्षकांनी मालकांविरुद्ध वर्षानुवर्षं निदर्शनं केली. मालकांनी क्लबमध्ये पैसे घातले हेही खरं, पण क्लब चालवायला पैशाइतकीच जबाबदारीची चौकट लागते.

म्हणून मला जुलै २०२५मध्ये मंजूर झालेला ब्रिटनचा फुटबॉल प्रशासन कायदा महत्त्वाचा वाटतो. त्यानं पाचव्या पायरीपर्यंतच्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आणला : क्लबला परवाना लागेल, मालकाची पडताळणी होईल, प्रेक्षकांचं मत घ्यावं लागेल. आणि प्रीमियर लीग व खालची लीग यांचं पैशांवर जमलं नाही तर नियामकाला मध्ये पडता येईल. ही शेवटची तरतूद वापरली गेली पाहिजे. पैसा आणि शिस्त ही एकाच वेळी यावीत. हिशेब उघडे ठेवा, पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवा, मैदान परस्पर विकू नका, आणि मग तुमचा वाटा हक्कानं घ्या. सहकारात ऑडिट आणि लाभांश बरोबरच चालतात.

या जिन्याचा एक टप्पा आपल्यापर्यंत पोचला होता. २०२०-२१च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीच्या आघाडीला अ‍ॅडम ले फोंड्रे होता. करोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. एफसी गोवाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल करून त्यानं मुंबईला पहिला विजय मिळवून दिला आणि हंगामभरात ११ गोल केले. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला हरवून मुंबई विजेती ठरली. टीव्हीवर त्याला पाहताना मला सारखं वाटत होतं, हा माणूस घडला तो स्टॉकपोर्ट, रॉचडेल आणि रॉदरहॅममध्ये. आपल्या सुपर लीगमध्ये तेव्हा बढतीही नव्हती आणि घसरणही नव्हती. पंधराव्या वर्षी नाकारलेल्या गोव्याच्या किंवा कोल्हापूरच्या पोरानं पगारी फुटबॉल खेळत सत्तावीस वर्षांचं व्हावं तरी कुठे?

खालच्या लीगनाही एक सुनावलं पाहिजे. वरच्यांकडे वाटा मागणारे हेच ७२ क्लब आपल्या खालच्यांना दार किती उघडतात? १९८७पर्यंत बाहेरच्या क्लबला लीगमध्ये गुणांच्या जोरावर येताच येत नसे. तळाच्या क्लबांना ठेवायचं की नव्याला घ्यायचं हे मतदानानं ठरे, आणि मतदार असत आधीपासून आत बसलेले क्लब. आता दार आहे, पण अरुंद : चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये दोनच क्लबांची अदलाबदल होते, बाकी गटांत तीन किंवा चार. पाचव्या पायरीवरचे क्लब तिसरी जागा मागत आले आहेत. ती देणं हे या ७२ जणांच्याच हातात आहे, आणि त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

१९८०मध्ये रॉचडेल चौथ्या गटात तळाला होतं. लीगबाहेरच्या अल्ट्रिंकॅमचा दावा भक्कम होता. मतं मोजली तेव्हा रॉचडेलला २६ आणि अल्ट्रिंकॅमला २५ मिळाली. त्या एका मतावर रॉचडेल आत राहिलं, आणि पंचवीस वर्षांनी बरण्यांची झाकणं लावून आलेल्या एका पोराला तिथं नऊ नंबरची जागा मिळाली. अल्ट्रिंकॅम अजून कधीही लीगमध्ये आलेलं नाही. २०२३मध्ये रॉचडेल घसरून पाचव्या पायरीवर आलं, तेव्हा त्याच बंद दारापुढे अल्ट्रिंकॅम त्यांच्या शेजारीच उभं होतं.